पाटीला घातलेला वळसा

आमच्या गावाहून माझ्या धाकट्या बहिणीच्या गावाला जायच्या दोन वाटा आहेत. एक डांबरी. ती आधी धानोऱ्याच्या अंगाला जाते, तिथून मोठ्या सडकेने फिरून पुन्हा रानात शिरते. फटफटीच्या काट्यावर ही वाट सतरा किलोमीटर भरते. दुसरी सरळ जंगलातून. मुळात ती कूपाची वाट. कूप चालू होते तेव्हा लाकडाचे ट्रक आणि बैलबंड्या तिच्यावरून जात. कूप संपले, ट्रक गेले, वाट तेवढी राहिली. दोन नाले आणि मोहाची एक राई ओलांडली की पाच किलोमीटरांत ती बहिणीच्या गावच्या बोडीवर नेऊन सोडते.

लहानपणी आम्ही या वाटेने पायीच जात होतो. आई डोक्यावर टोपली घेऊन पुढे, आम्ही भावंडे मागे. मग सायकली आल्या. आता दर दोन घरांमागे एक फटफटी दिसते, बहुतेक हप्त्यावर घेतलेली. माझ्याकडेही एक जुनी आहे. फटफटी आल्यापासून सतरा किलोमीटरांचा फेरा कोणालाच नकोसा झाला, आणि कूपाची वाट म्हणजे जणू आपल्या अंगणातली पांदण, असे सगळे समजू लागले.

वाचकहो, आज लिहायचे आहे ते या वाटेवर लागलेल्या एका पाटीविषयी. रानातली वाट आहे, तोंडाशी ‘प्रवेश बंद’ लिहिलेले आहे, पाहणारे कोणी नाही, बुडाखाली फटफटी आहे आणि काम निकडीचे आहे. अशा वेळी माणसाने थांबावे का? हा प्रश्न कोणी मला २०२१ च्या आधी विचारला असता तर मी हसलो असतो. त्या वर्षी जे झाले ते सांगतो. त्यात चूक माझी होती, म्हणून सांगायला एवढी वर्षे लागली.

२०२१ च्या ऑक्टोबर महिन्यात छत्तीसगडातून रानटी हत्तींचा कळप गडचिरोली जिल्ह्यात उतरला, आणि उतरला तो आमच्याच धानोरा तालुक्यात. लहानमोठे धरून वीसेक हत्ती. आमच्या पिढीने हत्ती पाहिला असेल तर जत्रेत, नाहीतर दक्षिणेकडे कमलापूरच्या सरकारी हत्ती कॅम्पात, साखळदंड बांधलेला. मोकळा हत्ती बांधीत उभा राहून धान खातो, हे आमच्या बापजाद्यांनाही ठाऊक नव्हते. वाघ, अस्वल, रानडुक्कर यांच्याशी कसे वागायचे ते आम्हाला न शिकवता येते. अस्वल दिसले तर काय करावे, वाघाची चाहूल कशी ओळखावी, हे आईच्या मागून चालता चालता कळलेले असते. हत्तीचे मात्र आम्हाला काहीच माहीत नव्हते. काही लोक तर नारळ-हळदकुंकू घेऊन पाया पडायला निघाले होते.

दिवस धान कापणीचे. कोणाच्या कडपा बांधीत पडलेल्या, कोणाचे पुंजणे घालून झालेले. अशात आमच्या कूपाच्या वाटेच्या तोंडाशी पत्र्याची एक पाटी लागली. ‘पुढे रानटी हत्तींचा वावर. प्रवेश बंद.’ दोन येनाच्या झाडांमध्ये एक बांबू आडवा बांधला होता. बस, एवढेच. खाली तारीख नाही, किती दिवसांसाठी ते नाही, विचारायचे तर कोणाला तेही नाही.

इथे माझी एक तक्रार नोंदवून ठेवतो, कारण तिच्यावाचून गोष्ट पुरी होत नाही. त्याच येनावर आधी दोन-अडीच वर्षे ‘वाघाचा वावर, प्रवेश निषिद्ध’ अशी पाटी होती. वाघ होता तेव्हा ती लागली ते बरोबरच. पण वाघ निघून गेला, दोन पावसाळे गेले, पाटी गंजली, तिची अक्षरे उडाली, तरी काढायला कोणी आले नाही. आम्ही रोज तिच्याखालून जात होतो. बायका तिच्या खिळ्याला डबा अडकवून मोहफुले वेचत. खोट्या पाटीखालून दोन वर्षे गेलेला माणूस खऱ्या पाटीपाशी थांबेल कसा? हे मी माझ्या बचावासाठी म्हणत नाही. पण ज्याच्या हाती खिळा-हातोडी आहे त्याने पाटी लावण्याइतकीच ती काढण्याचीही आठवण ठेवली पाहिजे.

कार्तिकात एका सकाळी बहिणीचा फोन आला. जवाईबापू हिवतापाने अंथरुणाला खिळलेले, आणि पुंजणे अजून बांधीतच. ती म्हणाली, “दादा, हत्ती येऊन राह्यले म्हंते. अख्खं सालभराचं धान बांधीत हाय. मी एकटी बाईमानूस काय करू?”

जाणे भागच होते. प्रश्न एवढाच होता की कोणत्या वाटेने. पाच किलोमीटर आणि सतरा किलोमीटर यांत फटफटीला फरक पडतो पंचवीस मिनिटांचा आणि थोड्याशा पेट्रोलचा. त्या वेळी मात्र तो फरक मला डोंगराएवढा वाटला. मनात म्हटले, काम नडीचे आहे, पाटी काय, आधीचीही अशीच होती. बांबूच्या कडेला कुड्याची झुडपे होती. त्यांतून फटफटी दाबून नेली, येनाला वळसा घातला आणि पुन्हा वाटेला लागलो. अवकाळी पाऊस होऊन गेला होता, माती ओली होती. मागे वळून पाहिले तेव्हा चाकाचा माग नांगराच्या तासासारखा उमटलेला दिसला. तेव्हा त्याचे काही वाटले नाही.

मी सुखरूप पोचलो. वाटेत हत्तीचे शेणही दिसले नाही. काही झाले असते, निदान भीती वाटली असती, तर पुढचे टळले असते. तसे काही झाले नाही, म्हणून बहिणीच्या ओसरीवर चहा पिता पिता मी चारचौघांत बोलून गेलो, “पाटीचं काय घेऊन बसला? लावून देतात अन् विसरून जातात.” त्या दिवशी आम्ही गावातल्या चार जणांना घेऊन निम्मे धान खळ्यात आणून टाकले. निम्मे दुसऱ्या दिवसावर ठेवले आणि मी तिथेच मुक्काम केला.

दुसऱ्या दिवशी माझा भाचा निघाला. तो गडचिरोलीत एका दुकानात कामाला असतो. आईने बोलावले म्हणून सुटी काढून, बायकोला मागे बसवून तो आमच्या घरी आला. चहा घेतला. माझ्या घरच्या मंडळींनी सहज सांगितले, “मामाजी कालच कूपाच्या वाटेनं गेले.” तेवढ्यावर तो उठला. पाच वाजून गेले होते, आणि त्या दिवसांत साडेपाचला रानात अंधारून येते.

पुढचे मला भाचसुनेने सांगितले. बांबूपाशी फटफटी थांबली तेव्हा ती म्हणाली, “पाटी हाय ना जी.” भाच्याने खाली बोट दाखवले. “हा पाह्य, मामाजीच्या चाकाचा माग. ते गेले त आपुनही जाऊ.” आणि त्याने माझ्याच मागावर आपले चाक घातले.

दुसऱ्या नाल्याच्या अलीकडे उतार आहे. तिथे भाचसुनेला फांदी मोडल्याचा आवाज आला. तिने नवऱ्याच्या पाठीवर थाप मारली, “थांबवा, थांबवा.” त्याला ना तो आवाज आला, ना तिचे बोलणे नीट ऐकू आले. इंजिनाचा आवाज, कानावर मफलर. फटफटी थांबली तेव्हा समोर पन्नास पावलांवर बांबूच्या बेटात काळे काहीतरी हलत होते, आणि उजव्या हाताला त्याहून जवळ एक पिलू होते. दोघांनी फटफटी तिथेच टाकली आणि नाल्यात उडी घेतली. दगडांत भाच्याचा पाय अडकून पिंढरीचे हाड मोडले. त्या पोरीने त्याला काखेत धरून ओढत पलीकडच्या काठावरच्या खडकांत नेले. तिथे दोघे रात्रभर बसून राहिले. खाली हत्ती फटफटीशी काय करत होते ते त्यांना ऐकू येत होते. हँडलला बहिणीसाठी घेतलेली गुळाची भेली बांधलेली होती.

त्या रात्री त्यांना शोधायला कोणी गेले नाही. आमच्या घरच्यांना वाटले, पोरे पोचली. बहिणीला आणि मला वाटले, उशीर झाला म्हणून आमच्याच घरी थांबली. रानात फोन लागत नाही, म्हणून फोन आला नाही याचेही काही वाटले नाही. मी जेवून बहिणीच्या ओसरीवर झोपलो होतो. त्या वेळी पोरे तिथून दीड किलोमीटरावर थंडीत खडकावर बसली होती. हे मला अजून जेवताना आठवते.

पहाटे हत्तींच्या मागावर फिरणाऱ्या वनमजुरांना ती सापडली. ज्या लोकांनी तो बांबू बांधला होता त्यांतलेच हे. त्यांनी बांबूची डोली केली आणि भाच्याला उचलून गावात आणले. ते कोणाला एक शब्द वाकडा बोलले नाहीत. बोलले असते तर बरे वाटले असते.

आमच्या विदर्भात मामा भाच्याच्या पाया पडतो, हे इतर भागांतल्या वाचकांना कदाचित नवे वाटेल. भाचा लहान असला तरी मामाने त्याच्या पायाला हात लावायचा, अशी रीत आहे. बहिणीच्या घरी बाजेवर पाय बांधून पडलेल्या त्या पोराजवळ मी गेलो, तेव्हा त्याने रागाचा शब्द काढला नाही. एवढेच म्हणाला, “मामाजी, तुमच्या चाकाचा माग दिसला म्हनून गेलो.”

फटफटीची टाकी पत्रावळीसारखी चपटी झाली होती. चौदा हप्ते बाकी होते. त्यांतले नऊ मी भरले. बाकीचे त्याने भरू दिले नाहीत.

पाय जोडायला तीन महिने लागले आणि तो जरा आखूडच जुळला. त्या तीन महिन्यांत मी या गोष्टीवर पुष्कळ विचार केला, चार माणसांना विचारले, काही वाचून घेतले. त्यातले उपयोगाचे तेवढे सांगतो.

पहिले म्हणजे फटफटीविषयी. आपल्याला वाटते, आवाज करत गेले की जनावर बाजूला होते. बैलबंडीच्या बाबतीत हे खरे होते. तिचा खडखडाट दुरून येतो, हळूहळू वाढतो, जनावराला उठून निघून जायला वेळ मिळतो. फटफटी वळणावरून एकदम अंगावर येते. त्यात स्वतः चालवणाराच बहिरा झालेला असतो. पायी जाणारा माणूस रानात कानाने नि नाकाने चालतो. वानर का खेकसले, मोर का ओरडला, वास कशाचा येतो, हे सारे त्याला कळत असते. फटफटीवर बसलेला माणूस यातले सगळे घरी ठेवून रानात जातो. आणि रानातल्या अरुंद वाटेवर ती पटकन वळवताही येत नाही. म्हणून पाटी पायी माणसासाठी जितकी खरी, तितकी, किंबहुना थोडी जास्तच, फटफटीवाल्यासाठी खरी आहे.

वाघाचेही तेच. सीटी-१ नावाचा वाघ वाचकांना आठवत असेल. गडचिरोली, चंद्रपूर आणि भंडारा या जिल्ह्यांत मिळून तेरा माणसे त्याच्या तोंडी गेली आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये वडसा भागात त्याला बेशुद्ध करून पकडले. तो रानात असताना लोकांना जंगलात जाऊ नका म्हणून सांगितले जात होते. तरी लोक जात होते. सरपण, भाजी, गुरे, काहीतरी कारण असायचेच. रानात कोणी हौसेने जात नाही, निदान आमच्याकडचे.

आता दुसरी बाजू, कारण ती खोटी नाही. धानाच्या एका पिकावर आमच्याकडे वर्ष निघत नाही. मार्च-एप्रिलात मोहफुले, मेमध्ये तेंदूपत्ता, मधे चार, डिंक, पावसात सात्या. या पैशावर पोरांची शाळा, लग्नाचे कपडे, दवाखाना. मोहाच्या पंधरा दिवसांत वाट बंद ठेवली तर ते पंधरा दिवस पुन्हा येत नाहीत. शहरातल्या माणसाला ताडोब्याचे फाटक बंद दिसले तर त्याची एक सहल बुडते, तो पुढच्या महिन्यात येतो. ताडोबा १९५५ पासून राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे पर्यटकाला फटफटी आत नेताच येत नाही, आणि पावसाळ्याचे तीन महिने गाभ्यातली फाटके बंद असतात. ते योग्यच आहे. पण तोच नियम जसाच्या तसा आमच्या मोहाच्या राईला लावला तर आम्ही खायचे काय?

याविषयी कायद्यात काय आहे ते आमच्या गावच्या एका शिकलेल्या पोराने काढून आणले. १९२७ च्या भारतीय वन कायद्याचे २५ वे कलम सांगते की राखीव जंगलातली वाट सरकारच्या मंजुरीने बंद करता येते, पण त्याऐवजी दुसरी बऱ्यापैकी सोयीची वाट असली पाहिजे किंवा करून दिली पाहिजे. साहेबाच्या राज्यातला कायदा, पण एवढी जाण त्यात होती. पुढे २००६ साली वनहक्क कायदा आला. त्याचे नियम २००८ मध्ये निघाले तेव्हा त्यांत गौण वनउपज नेण्यासाठी डोक्यावरचा भारा, सायकल आणि हातगाडी एवढीच साधने मोजून लिहिली होती. मोटारगाडीला जुनेच वाहतूक नियम. २०१२ मध्ये दुरुस्ती होऊन ‘योग्य ते वाहन’ असे झाले. म्हणजे मोहाचे पोते फटफटीवर बांधून आणणारी माझी भावजय काही गुन्हा करत नाही, हे आता कागदावरही आहे.

पण त्याच कायद्याचे पाचवे कलम लोक विसरतात. सामूहिक वनात कोणी कसे यावे-जावे याचे नियम ग्रामसभेने करावेत, जंगलाला नि जनावरांना बाधक गोष्ट थांबवावी आणि तो निर्णय पाळला जातो की नाही हेही पाहावे, असे त्यात आहे. हक्काबरोबर ही पाटी लावायची जबाबदारीही आमच्याच गळ्यात आली आहे.

हे कसे करतात ते पाहायला आम्हाला लांब जावे लागले नाही. आमच्याच तालुक्यात कठाणी नदीच्या खोऱ्यातले मेंढा (लेखा) हे गाव. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा महाराष्ट्रभर गाजली. २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर त्यांना सामूहिक हक्क मिळाला, देशात असा हक्क मिळालेल्या पहिल्या गावांपैकी ते. २०११ च्या एप्रिलात बांबूच्या वाहतुकीचे पासबुक केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या हस्ते ग्रामसभेला मिळाले. या गोष्टी पेपरात आल्या. पेपरात कमी आले ते हे, की तिथे निर्णय बहुमताने घेत नाहीत, सर्वांच्या संमतीने घेतात. एकाचे जरी पटले नाही तरी पुन्हा बसतात. वेळ लागतो. पण ज्या नियमाला मी स्वतः होकार दिला, त्याच्या पाटीला मी रात्री वळसा घालीन का? घालायला मन कचरेल.

आमच्या ग्रामसभेत हा विषय निघाला तेव्हा तीन बैठका झाल्या. पहिल्या बैठकीत नुसती भांडणे. एक म्हातारे म्हणाले, “बंदच्या दिवसात सडकेवर झाड आडवं दिसलं का आपुन कोनाले इचारत नव्हतो. चुपचाप गाडी वळवत होतो. तवा भेव होतं. आता हत्तीचं भेव नाही वाटत का तुम्हाले?” यावर सगळे गप्प बसले. आमच्या जिल्ह्याने जे दिवस पाहिले ते ज्यांना माहीत आहेत त्यांना या बोलण्याचा अर्थ समजेल. धाकाने थांबणे आम्हाला येत होते. सांगितल्यावरून थांबणे शिकायचे होते.

दुसऱ्या बैठकीत बायका बोलल्या. त्यांचे म्हणणे सरळ होते. वाट बंद करा, पण किती दिवस ते सांगा. आणि सगळी बंद करू नका. हत्ती दुसऱ्या नाल्यापलीकडे असतील तर अलीकडची राई कशाला बंद? तिसऱ्या बैठकीत मी उभा राहिलो आणि माझ्या चाकाची गोष्ट सांगितली. भाचा माझ्या शेजारी बसला होता. ते बोलणे मला जड गेले, पण मी जे ओसरीवर बोललो होतो तेही चारचौघांतच बोललो होतो.

आमची पाटी आता अशी असते. वर कारण: हत्ती, वाघ, वणवा, जे असेल ते. खाली तारीख, कधीपासून कधीपर्यंत. त्याखाली कोणत्या ठिकाणापर्यंत जाता येते आणि बंद वाटेऐवजी कोणती घ्यायची. पाटी मराठीत आणि गोंडीत. मुदत संपली की जो लावतो तोच काढतो. धोका टळला नसेल तर नवी तारीख घालून पुन्हा लावतो, जुनी तशीच ठेवत नाही. निकडीच्या कामाला, दवाखाना म्हणा किंवा मयत म्हणा, पाटीवरचा माणूस एक साथीदार देतो आणि पायी, टेंभे-बॅटऱ्या घेऊन जातात. फटफटीला मात्र सूट नाही. यावर पोरांनी पुष्कळ कुरकुर केली. आणि आणखी एक, ही अट भाचसुनेच्या म्हणण्यावरून घातली: अंधार पडायच्या सुमाराला कोणी दुसऱ्या गावाला निघाले तर पोचल्याचा निरोप आला पाहिजे. नाही आला तर झोपायचे नाही.

हे सगळे ठरल्याप्रमाणे नेहमी चालते असे म्हणणार नाही. दोनदा पाटीच चोरीला गेली, पत्रा कोणाच्या तरी कुडाला लागला असणार. एकदा पाळीवरचा गडी झोपला. पण वळशाची वाट मात्र पुन्हा पडली नाही.

दूरच्या एका जागेची हकिकत ग्रामसभेत वाचून दाखवली होती. कर्नाटकात बंदीपूरच्या व्याघ्र प्रकल्पातून मोठे हमरस्ते जातात. रात्री गाड्यांखाली जनावरे मरतात म्हणून २००९ पासून रात्री नऊ ते सकाळी सहा ते रस्ते बंद केले. पलीकडच्या केरळातल्या लोकांची त्यावर अजून तक्रार आहे, कारण भाजीपाला, रुग्ण, सगळ्यांना फेरा पडतो. ट्रकवाल्यांचेही दुःख आमच्यासारखेच, फक्त किलोमीटर जास्त. फरक एवढा की तिथे फाटकावर माणूस असतो. आमच्या रानात फाटक नाही.

गेल्या हिवाळ्यात पाटीवर माझी पाळी होती. पहिल्या नाल्यात वाघिणीचे पंजे आणि सोबत पिलांचे लहान पंजे दिसले होते, म्हणून आठ दिवस वाट बंद ठेवली होती. भाचा सुटीवर आला होता, तोही माझ्याजवळ येऊन बसला. दुपारी तीन मोठ्या फटफट्या आल्या. शहरातली पोरे, अंगात जाड कोट, टोपाला कॅमेरे. बोलायला नम्र होती. एकाने फोन पुढे केला, “काका, नकाशात तर रस्ता दाखवतोय. पलीकडे निघतो ना?”

म्हटले, “निघतो. नकाशाला वाघीण ठाऊक नाही.”

दुसरा म्हणाला, “ही पाटी सरकारची आहे की तुमची?”

या प्रश्नात थोडी खोच होती. मी म्हटले, “आमची. अन् आम्ही पण पाळतो.”

तिसरा पाटी वाचत होता. “सोमवारपर्यंतच आहे की. मग सोमवारी उघडेल?” मी म्हटले, उघडेल, आणि मोहाच्या राईपर्यंत आता पण पायी जाता येते, पाहायचे असेल तर गाड्या इथे ठेवा, मी चालतो सोबत. ती पोरे आली सोबत. अर्धा तास राईत फिरली, चार प्रश्न विचारले, हेटी चाखून पाहिली की नाही ते आठवत नाही, पाणी मात्र आमच्या घरचे प्यायली. मग डांबरी वाटेने निघून गेली.

फटफटी वळवताना त्यांच्यातल्या एकाचे चाक बांबूच्या कडेने हातभर पुढे गेले होते. माती भुसभुशीत होती. भाचा उठला, लंगडत गेला, पळसाची एक डहाळी मोडली आणि तेवढा माग पुसून टाकला. आम्ही दोघे काही बोललो नाही.

सोमवारी सकाळी मी पाटी काढली, बांबू सोडला आणि फटफटीवर बसून पाच किलोमीटरांच्या वाटेने बहिणीकडे चहाला गेलो.